जागा धरणारी फाइल

झुगदिदीहून त्सोत्नेनं एकच ओळ लिहिली:
तुमचा प्रोग्रॅम माझ्याकडे बांधला जात नाही.
खाली त्याच्या कॉम्प्युटरनं ओकलेली लाल अक्षरं.
फाइल सापडली नाही.

माझ्याकडे तर सापडते.
चार वर्षं सापडते आहे.
कुताइसीच्या या खोलीत, रिओनीकडच्या खिडकीखाली,
डिस्कच्या एका कोनाड्यात ती बसून आहे,
साउंडकार्डवाल्या कंपनीची लायब्ररी.
कधीतरी मध्यरात्री अठरा पानांच्या करारावर
न वाचता 'मान्य' म्हटलं होतं मी
आणि विसरून गेले,
रोज हाताळून हाताळून
शेजाऱ्याची किल्ली आपलीच वाटावी, तसं.

पहिल्याच पानावर आम्ही ठळक लिहिलंय:
घ्या, बदला, वाटा.
आणि पायात हा एक दगड, वाटता न येणारा.

बादुरी म्हणाला, टाक ना ती फाइलही सगळ्यासोबत.
कंपनी कुठे, आपण कुठे. कोण बघतंय?
मी गप्प.
कारण टाकली होती मी. मार्चमध्ये, घाईत,
'किरकोळ दुरुस्ती' असं नाव देऊन.
दुसऱ्या दिवशी काढली,
पण काढल्याचीही नोंद होते आमच्यात.
खाली तशीच होती ती,
पुसलेल्या पाटीवर तिरपा उजेड पडला की
दिसणाऱ्या अक्षरासारखी.

एका रविवारी सगळा इतिहास नव्यानं लिहिला.
अकराशे नोंदींचे क्रमांक बदलले.
सगळ्यांना कळवलं, जुनी प्रत फेकून द्या.
का, ते लिहिताना कान तापले.

खाली आई मात्सोनी लावत होती.
वाटीच्या तळाशी त्सिआलाकडचं विरजण.
ते मुळात कुणाचं, कुणी विचारत नाही;
त्सिआलाचं नासलं की आमच्याकडून जाईल.
दुकानातलं डब्याचं दही चवीला वाईट नसतं.
एकदा त्याचं विरजण लावून बघितलं आईनं.
सकाळी भांड्यात दूधच.

मग मी एक रिकामी फाइल लिहिली.
कंपनीचं काही न बघता, आमच्याच नावांची पाच फंक्शनं:
उघड, ऐक, वाजव, थांब, मीट.
प्रत्येकाच्या पोटात एकच ओळ,
शून्य परत दे.

गुरियातली माणसं तीन आवाजांत गातात.
वरची क्रिमानचुली म्हणणारा शिमोन वारला
तेव्हा उरलेले दोघं वर्षभर तसेच गायले,
वरची जागा मोकळी ठेवून.
गाणं पडलं नाही.
भोक मात्र ऐकू यायचं.

ज्याला खरी लायब्ररी हवी त्यानं स्वतः जावं,
स्वतः सही करावी, स्वतः आणावी.
तेवढा एक खटका ठेवलाय, बंद करून.
तिबिलिसीतल्या स्टुडिओचं त्याच्याशिवाय भागत नाही
आणि त्यांना नावं ठेवायला मी कोण.

त्सोत्नेनं कळवलं: बांधलं गेलं.
पण काहीच ऐकू येत नाही.
मी लिहिलं: माहीत आहे.

तीन आठवड्यांनी त्यानं पाठवली
मोकळ्या लायब्ररीवरून जाणारी वाट.
कच्ची, वळणावळणाची,
चाळीस मिलिसेकंद उशिरा पोचणारी.

ती घेऊन ओझुर्गेतीच्या वरच्या गावात गेलो.
वार्लामनं हेडफोन चढवला, पहिला सूर लावला
आणि थांबला.
हा कोण माझ्या मागून म्हणतोय?
मी सांगू लागले, तो उशीर, ती कंपनी, ते शून्य.
त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, अक्रोडांशेजारी,
बाजूच्या दोघांकडे एकदा बघितलं
आणि बानी धरली.

तेच घेतलं आम्ही.
चाळीस मिलिसेकंदांचं काम अजून यादीत आहे,
सत्ताविसाव्या क्रमांकावर, उघडं.